इंदुरात ताजा रोहू: पाच जणांसाठी कालवण आणि तळलेल्या तुकड्या

यशवंतसागरसारख्या तलावातला किंवा नर्मदेचा रोहू सुरमईच्या पद्धतीने करायला गेलं की बिघडतो. याला चिखलाचा वास असतो, मांसात बारीक दुफाटे काटे असतात, आणि जास्त शिजला की तुकडी मोडते. या तिन्हींची सोय आधी करायची, मसाल्याचं नंतर बघू.

पाच जणांना दीड किलोचा अख्खा मासा पुरतो, साफ केल्यावर साधारण किलोभर उरतो. कल्ले लालभडक हवेत, डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, पोट दाबल्यावर खड्डा राहता कामा नये. 16 जून ते 15 ऑगस्ट या प्रजननाच्या काळात मध्य प्रदेशात नद्यांमधली मासेमारी बंद असते. तेव्हा कुणी ‘आजच धरलेला नर्मदेचा’ म्हणून देऊ लागलं, तर घेऊच नका.

धरल्यावर काही वेळाने मासा ताठ होतो. ताठपणा जायच्या आधीच कापून तळला तर तुकड्या आखडून वाकतात आणि मधला भाग तव्याला टेकत नाही. पोट साफ करून बर्फात ठेवा, ताठपणा गेला की मग कापा. साफ करताना जपायची ती पित्ताची हिरवी पिशवी. ती फुटली की आजूबाजूचं मांस कडू होतं. हिरवा डाग पडला तर तेवढा भाग कापूनच टाका, धुऊन कडवटपणा जात नाही. ही पिशवी औषध म्हणून गिळायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती विषारी असते, मूत्रपिंडं निकामी होतात. थेट कचऱ्यात टाका. पोटाच्या आतली काळी पातळ त्वचाही खरवडून काढा, कल्ले फेका.

चिखलाचा वास पाण्यातल्या शेवाळामुळे आणि सूक्ष्म जिवाणूंमुळे माशात मुरतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही, आंबट लागतंच. दीड सेंटिमीटर जाडीच्या तुकड्या कापून त्यांना दीड चमचा मीठ, एक चमचा हळद आणि दोन लिंबांचा रस चोळा. पंधरा मिनिटांनी धुऊन फडक्याने कोरड्या करा. तासभर ठेवलंत तर लिंबाने मांस पांढरं आणि भुसभुशीत होतं.

शेपटीकडच्या तुकड्यांत काटे जास्त, म्हणून त्या तळायला ठेवा. धारदार सुरीने दोन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर अंतरावर चिरा द्या, म्हणजे बारीक काटे तळून कुरकुरीत होतात. आलं-लसूण, दोन चमचे तिखट आणि बेताचं मीठ लावून वीस मिनिटं ठेवा, मग तांदळाच्या पिठात थोडा रवा घालून त्यात घोळवा. तेल चांगलं तापलेलं हवं, नाहीतर पीठ तव्याला चिकटून राहतं. एक बाजू सोनेरी होऊन आपोआप सुटेपर्यंत उलथू नका. लहान मुलांना मात्र पोटाकडची तुकडी द्या, तिथले काटे लांब आणि मोठे असतात, हाताला लागतात.

पोटाकडच्या तुकड्या आणि डोकं कालवणाला. दोन कांदे, अर्धी वाटी ओलं खोबरं आणि आठ-दहा लसूण पाकळ्या परतून वाटा. तेलात वाटण, हळद आणि दीड चमचा तिखट घालून तेल सुटेपर्यंत परता. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, चवीपुरतं मीठ आणि तीन वाट्या गरम पाणी घाला. उकळी आली की आधी डोकं सोडा, पाच मिनिटांनी तुकड्या. मंद आचेवर सात-आठ मिनिटं पुरेत. पळी घालू नका, पातेलं धरून हलवा. वरून कोथिंबीर.

कालवण अर्धा तास मुरू द्या, मग गरम भाताबरोबर वाढा. पुन्हा गरम करायचं झालं तर तुकड्या अलगद बाजूला काढून रस्सा उकळवा, आणि त्या शेवटच्या मिनिटाला परत सोडा.