इंजिनचा दिवा लागल्यावर: कोड वाचण्यापासून बिघाड सापडेपर्यंत

सात आसनी कौटुंबिक गाडीच्या मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की तो स्थिर आहे की लुकलुकतो आहे हे आधी पाहावे. दिवा स्थिर असेल, तापमान नेहमीइतके असेल आणि ऑइलचा लाल दिवा लागलेला नसेल, तर धुळ्याहून जळगावपर्यंत सावकाश जाण्यास सहसा हरकत नसते. लुकलुकणारा दिवा मात्र एखाद्या सिलिंडरमधील इंधन न जळताच सायलेन्सरकडे जात असल्याचे, म्हणजेच ‘मिसिंग’ होत असल्याचे दाखवतो. ते इंधन पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागात) पेटून तो महागडा भाग निकामी करू शकते. भरलेली गाडी कन्नड घाट चढत असताना असे झाले, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि मिसिंग थांबत नसेल तर गाडी टो करूनच न्यावी.

स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचे ओबीडी सॉकेट, म्हणजे इंजिनच्या संगणकाशी जोडणी करण्याची जागा असते. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून, चावी ऑन करून संगणकाने नोंदलेला बिघाडाचा कोड मोबाइलवर वाचता येतो. कोड कागदावर उतरवून घेईपर्यंत तो पुसू नये आणि बॅटरीची तारही काढू नये, कारण कोडसोबत ‘फ्रीज फ्रेम’, म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम आणि कूलंटचे तापमान साठवलेले असते. आधी कोड पुसून मग विचार करण्याची जी पद्धत अनेक गॅरेजांत रुळली आहे, तिच्यामुळे हा सगळा पुरावा जातो.

कोडमधील ‘पी’ हे अक्षर इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी असते. त्यानंतरचे शून्य बहुतेक वेळा सर्व कंपन्यांचा समान कोड दर्शवते. पुढचा आकडा १ किंवा २ असल्यास हवा-इंधनाचा, ३ असल्यास मिसिंगचा आणि ४ असल्यास प्रदूषण नियंत्रणाचा प्रश्न समजावा. संगणकाला कोणते मोजमाप खटकले एवढेच कोडवरून कळते. कोणता भाग बदलायचा, हे तपासूनच ठरवावे लागते.

पेट्रोल गाडीत पी ०३०२ आला, म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग करतो आहे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) असेल, तर इंजिन थंड झाल्यावर आणि चावी बंद करून दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी थोडी चालवून पाहावी. आता पी ०३०३ आला तर कॉइलच खराब आहे. पुन्हा पी ०३०२ आला तर प्लग, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन तपासावे. एक रुपयाही खर्च न करता होणारी ही चाचणी नवी कॉइल विकत घेण्याआधी व्हायलाच हवी.

पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा इंधन कमी. येथे स्कॅनरवरील ‘फ्युएल ट्रिम’, म्हणजे संगणक इंधनात करत असलेली वाढ किंवा घट पाहावी. तो साधारण उणे १० ते अधिक १० टक्के असावा. आयडलला तो अधिक २० च्या आसपास आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर कोठून तरी जादा हवा शिरते आहे. लोड वाढल्यावर तो आणखी वाढत असेल, तर पंप, फिल्टर किंवा इंजेक्टरकडून इंधन अपुरे येत असावे. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या डब्याजवळ असलेल्या गाड्यांत, सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामधील वळ्यांचा रबरी पाइप हाताने ताणून बघावा, कारण वरून धडधाकट दिसणारा पाइप दोन वळ्यांच्या खाचेत फाटलेला असतो. सीएनजी किट बसवलेले असल्यास हीच तपासणी आधी पेट्रोलवर करावी. पेट्रोलवर ट्रिम ठीक आणि गॅसवर बिघडलेला असेल, तर दोष किटच्या सेटिंगमध्ये किंवा गॅसच्या फिल्टरमध्ये शोधावा.

पी ०१२८ हा कोड इंजिन पुरेसे तापत नसल्याचा आहे. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून इंजिन थंड राहावे या समजुतीने काही जण थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात. मग हिवाळ्यातल्या सकाळी इंजिन तापायला फार वेळ घेते, संगणक जास्त इंधन सोडत राहतो, ॲव्हरेज घसरते आणि हा कोड येतो. कूलंटची पातळी तपासून योग्य थर्मोस्टॅट बसवावा. गाडी खरोखर तापत असेल तर दोष रेडिएटर, फॅन आणि कूलंटमध्ये शोधावा.

पी ०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसे काम करत नसल्याचा कोड आल्यावर लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलू नये. आधी मिसिंगचे आणि मिश्रणाचे कोड दूर करावेत व सायलेन्सरच्या पुढच्या जोडांत गळती आहे का ते पाहावे.

दुरुस्तीनंतर कोड पुसल्यावर संगणकाच्या स्वयंचाचण्याही नव्याने सुरू होतात. त्या पूर्ण होण्यासाठी थंड इंजिनपासून सुरुवात करून गाडी काही दिवस गावातील रहदारीत आणि महामार्गावर एकसारख्या वेगाने चालवावी, नंतर ‘पेंडिंग’ कोडची, म्हणजे आढळलेल्या पण अजून पक्क्या न झालेल्या बिघाडांची यादी पुन्हा पाहावी. ती रिकामी असेल आणि चाचण्या पूर्ण दिसत असतील, तेव्हाच कुटुंबाला घेऊन लांबच्या प्रवासाला निघावे.