रिमोट लपवून काही होत नाही

आमची लेक साडेतीन वर्षांची. कार्टून लागल्याशिवाय घास आत जायचा नाही, आणि लागलं की तोच घास दहा-दहा मिनिटं गालात. एका रविवारी घड्याळ लावून मोजलं, तर लेकीचं टीव्ही बघणं सव्वातीन तास! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला स्क्रीनसमोर जास्तीत जास्त १ तास सांगितलाय, तोही कमी झाला तर उत्तमच.

आधी मी रिमोट तांदळाच्या डब्यात लपवला. दोन दिवस रडारड झाली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंची मालिका बुडायची वेळ आली आणि रिमोट बाहेर. खरी गोम तिथेच होती. टीव्ही लेकीसाठी लागतच नव्हता, तो सकाळपासून चालूच असायचा.

मग त्यांनाच म्हटलं, "आई, तुमच्या मालिका ती बालवाडीत असताना पुनःप्रक्षेपणात बघाल का?" जरा फुगल्या, पण तयार झाल्या.

जेवण आता स्वयंपाकघरात, खाली बसून. वरणभात कालवायचं काम लेकीकडे. निम्मा भात फरशीवर जातो, जाऊ दे. संध्याकाळी साडेपाचला दोन भाग, मग टीव्हीचं बटण तीच दाबते. मी दाबलं की भोकाड, स्वतः दाबलं की ऐट. लगेच चपला घालून गोदाकाठी, बदकं बघायला.

महिन्याभरात पाऊण तासावर आलोय. आजारपणात आणि मामाकडे गेल्यावर मात्र सगळं मुसळ केरात.