उत्क्रांतीचा सिद्धांत खोटा ठरवणारा पुरावा कसा पारखावा

उत्क्रांतीचा सिद्धांत कोसळल्याचा दावा समोर आला की आधी नेमके कोणते विधान कोसळले ते विचारावे. सर्व सजीवांचे पूर्वज समान आहेत हे एक विधान, जुळवून घेणारे गुणधर्म नैसर्गिक निवडीने घडले हे दुसरे, आणि अमुक गट अमुक काळात उदयाला आला हे तिसरे. तिसरे विधान नेहमीच दुरुस्त होत असते. कॅनडात मिळालेला टिकटॅलिक हा मासे आणि चतुष्पाद यांना जोडणारा जीवाश्म सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. २०१० साली मात्र पोलंडमधील एका खाणीत सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीची चतुष्पादांची पावले सापडल्याचे जाहीर झाले. ती पावले खरी मानली, तर चतुष्पादांचा उगम मागे जातो, माशांशी असलेले त्यांचे नाते तुटत नाही.

पहिले विधान पाडायला पुरावा वेगळ्या तोलाचा लागतो. उत्क्रांती कशाने खोटी ठरेल, या प्रश्नाला कँब्रियनपूर्व (म्हणजे सशासारखे प्राणी येण्याच्या फार आधीच्या) खडकातला ससा, हे उत्तर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या नावावर सांगितले जाते. असा ससा मिळालाच, तर हाड मूळ खडकातच रुतलेले होते की नंतरच्या भेगेतून खाली उतरले, थराचे वय वरच्या-खालच्या ज्वालामुखीय राखेवरून स्वतंत्रपणे काढले आहे का, आणि मूळ नमुना इतरांना तपासू दिला आहे का, हे पाहावे. वानर आणि माणूस यांना जोडणारा दुवा म्हणून १९१२ साली गाजलेली इंग्लंडमधील पिल्टडाउनची कवटी बनावट असल्याचे १९५३ मध्ये उघड झाले. जबडा ओरांगउटानचा होता आणि दात मुद्दाम घासलेले होते. (ही लबाडी शास्त्रज्ञांनीच पकडली, हे सांगायचे बहुधा राहून जाते.)

माझ्या मते सशापेक्षा कडक कसोटी जनुकसंचात, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण आनुवंशिक माहितीत आहे. प्राचीन विषाणूंचे अवशेष मानव आणि चिंपांझी यांच्या जनुकसंचात हजारो ठिकाणी नेमक्या त्याच जागी आढळतात, कारण ते समान पूर्वजाकडून वारशाने आले. एखादा अपवाद समजावून देता येतो. पण असे अवशेष मोठ्या संख्येने मानव आणि गाय यांच्यात जुळले आणि चिंपांझीत त्याच जागा कोऱ्या निघाल्या, तर आजची वंशावळ टिकणार नाही.

नैसर्गिक निवडीसाठीची कसोटी डार्विनने १८५९ मध्येच दिली: केवळ दुसऱ्या जातीच्या हितासाठी घडलेला एखादा अवयव दाखवावा. येथे तो अवयव ज्याचा आहे त्या जीवाचा फायदा नीट शोधावा. मावा कीड मुंग्यांना गोड द्रव पुरवते तेव्हा ती निव्वळ परोपकार करताना दिसते खरी, पण तो द्रव तिला तसाही बाहेर टाकायचाच असतो आणि मुंग्या तिच्यावर ताव मारणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात.