भारी ॲम्प-स्पीकर घ्यायच्या आधीची तयारी, खान्देशातल्यांसाठी

दिवाळी जवळ आली की मला फोन सुरू होतात, भाऊ चांगला ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि स्पीकरची जोडी घ्यायचीय, ऑनलाईन मागवू का मुंबई-पुण्याला जाऊन घेऊ. लाख-दीड लाखाचा विषय असतो, कोणाचे केळीचे पैसे आलेले असतात, कोणी पीएफमधून काढलेले असतात, म्हणून फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतो.

पहिले किमती बघणं बंद करा आणि टेप घेऊन खोली मोजा. लांबी, रुंदी, उंची, सोफा कुठे, खिडकी कुठे, सगळं कागदावर काढा आणि तो कागद खिशात ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे. १२ फुटी खोलीत साधारण ४७ हर्ट्झच्या आसपास बेस फुगतो, आणि खोली १२ बाय १२ चौकोनी असली तर लांबीतही तिथेच आणि रुंदीतही तिथेच, मग स्पीकर कितीही महागाचा आणा, तबल्याचा डग्गा गुमगुमतच राहणार. आपल्याकडे खाली शहाबादी नाहीतर टाईल्स, भिंती उघड्या, वर स्लॅब. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, टणटण परत आली तर जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचं एक कपाट आधी बजेटमधे धरा.

मग लाईट. संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला मल्टिमीटरने सॉकेट तपासा, २३० व्होल्टच्या आसपास पाहिजे. शेतातलं घर असेल तर मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, तिथे चांगला स्टॅबिलायझर घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका. न्यूट्रल आणि अर्थिंगमधे दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा, कारण उद्या स्पीकरमधून हम्म ऐकू आलं की लोक ॲम्पला दोष देतात आणि दोष निघतो अर्थिंगचा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असला ॲम्प चालवू नका. आणि आखाजीनंतर जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ॲम्प बंद शोकेसमधे ठेवायचा विचार असेल तर आत्ताच सोडा, वर वीतभर मोकळी जागा लागतेच.

आता ऑनलाईन का दुकान. मी प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहितो, हे बिघडलं तर उघडणार कोण आणि तिथपर्यंत नेणार कोण. दोन वर्षांपूर्वी मी ॲम्प ऑनलाईन घेतला, सहा हजार वाचले म्हणून खूश होतो, नवव्या महिन्यात डावा चॅनल गेला. वॉरंटी होती पण सर्व्हिस सेंटर पुण्यात, १४ किलोचं धूड पाठवायचं कसं, खोकं तर मी रद्दीत दिलेलं, शेवटी गादीवाल्याकडून फोम कापून आणला आणि जाऊन येऊन सात आठवडे घर मुकं होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. डॅक (मोबाईल-कॉम्प्युटरमधलं डिजिटल गाणं ॲम्पला चालेल अशा सिग्नलमधे बदलणारी डबी), हेडफोन, वायरी, स्टँड ऑनलाईन बिनधास्त मागवा, हलक्या वस्तू आहेत, परत पाठवता येतात. स्पीकर ऐकल्याशिवाय नाही म्हणजे नाही. ॲम्प तिथून घ्या जिथला माणूस फोन उचलतो, मग तो दोन-चार हजार जास्त घेऊ दे.

अडचण ही की मोबाईलचं काही हवं तर जळगावचं गोलाणी मार्केट आहे, लग्नाच्या डीजेचं सामान विकणारे पण जिल्ह्यात भरपूर, पण घरात बसून ऐकायच्या सामानाचा डेमो द्यायला फार कमी जण बसलेत. म्हणजे नाशिक, मुंबई, पुणे नाहीतर धुळ्याकडच्यांना इंदूर, एक दिवस काढावाच लागतो. आधी फोन करून वेळ घ्या आणि कुठली जोडी ऐकायचीय ते सांगून ठेवा. सोबत खोलीचा कागद आणि तुम्ही शंभरदा ऐकलेली पाच-सहा गाणी, त्यात एक तरी साध्या रेकॉर्डिंगचं भजन पाहिजे, टाळ कानाला टोचतात का आणि बुवांचा आवाज माणसाचाच वाटतो का ते तिथे लगेच कळतं. दोन जोड्या ऐकताना आवाज सारखा ठेवायला लावा, फोनवरच्या मीटर ॲपने तपासा, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी चांगलाच वाटतो. पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीतले फुगवलेले वॅटचे आकडे सांगणाऱ्याला आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी पॉवर विचारा आणि वॅटच्या आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते विचारा, ८७ डीबीच्या स्पीकरला ९० वाल्याइतकं वाजायला दुप्पट पॉवर लागते. आणि दुकानात तास-दोन तास बसून ऐकलं, त्याचा चहा प्यायला, आणि मग घरी येऊन ऑनलाईन ऑर्डर टाकली, असं करू नका. तिथेच भाव विचारा, ऑनलाईनचा भाव दाखवा, थोडंफार कमी करतात किंवा वायरी देतात.

ऑनलाईनच घेणार असाल तर विकणारा कंपनीचा अधिकृत डीलर आहे का ते कंपनीच्या साईटवर बघा, फक्त स्टार बघून भुलू नका. खोक्यावर एमआरपी आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असायला पाहिजे, नसेल तर माल अधिकृत आयातदाराला टाळून बाजूने आलेला आहे आणि इथली वॉरंटी बहुतेक मिळणार नाही. अमेरिकेतला भाचा येतोय, त्याच्याकडून मागवू, हे पण मी खूपदा ऐकतो. तिकडचं १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आपलं २३० आणि ५०. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरवता येतं, पण एसी सिंक्रोनस मोटारीचा, म्हणजे लाईटच्या हर्ट्झवर वेग ठरणारा टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) असला तर मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या जागी २८ च्याही खाली फिरेल आणि गायिका गायकासारखी ऐकू येईल, ते ट्रान्सफॉर्मरने सुटत नाही.

बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून. विकणारा बंगळुरूचा असला तरी २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, त्याआधी १९१५ वर फोन करून बघा.

माल आला की टेम्पोवाल्यासमोर खोक्याच्या सहा बाजूंचे फोटो काढा, एखादा कोपरा दबलेला असेल तर सही करताना तसं लिहा, आणि उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता एका दमात घ्या, सिरीयल नंबर दिसेपर्यंत. परत करायच्या मुदतीत रोज तीन-चार तास वाजवा, दोन्ही चॅनल, सगळे इनपुट, रिमोट. खोकं थर्माकोलसकट माळ्यावर, वॉरंटी संपेपर्यंत कोणालाही देऊ नका.