गोव्यातील वॉर्डात पहिले वर्ष : महाराष्ट्रातून आलेल्या परिचारिकांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यातून जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे परिचर्येच्या पदविकेचा) तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी गोव्यात आले, त्याला आता 21 वर्षे झाली. या काळात खासगी रुग्णालयांत स्टाफ नर्स, नंतर इन्चार्ज (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) आणि आता नव्या मुलींना वॉर्डाची ओळख करून देणारी शिक्षिका, अशी तिन्ही कामे मी केली. सांगली, कोल्हापूर, सिंधुदुर्ग, बेळगाव या भागांतून दरवर्षी नव्या परिचारिका येथे येतात आणि मी ज्या ठिकाणी अडखळले त्याच ठिकाणी त्याही अडखळतात, हे पाहून हे लिहीत आहे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असली तरी गोव्यात काम करण्यासाठी येथील कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी आधीच्या कौन्सिलचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते; म्हणून ते काम घर सोडण्यापूर्वीच सुरू करावे. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही रुग्णालयाकडे ठेवायला देऊ नयेत. मूळ प्रती दाखवाव्यात, साक्षांकित छायाप्रती द्याव्यात आणि मूळ प्रती लगेच परत घ्याव्यात. सरकारी नोकरीच्या आशेने येणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की येथे त्यासाठी साधारणपणे 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणीचे ज्ञान मागितले जाते, त्यामुळे पहिली बरीच वर्षे खासगी रुग्णालयातच काढावी लागतात. खोली मात्र रुग्णालयापासून चालत जाता येईल अशीच घ्यावी, कारण दुपारची पाळी रात्री संपते तेव्हा बस मिळेलच असे नसते.

आता भाषेविषयी, आणि याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे. मराठी माणसाला कोंकणी समजते, असे आपण सगळेच धरून चालतो आणि बाजारात, बसमध्ये, शेजारी ते खरेही ठरते. वॉर्डात ते खरे ठरत नाही, कारण तेथे एकेका शब्दावर पुढचा निर्णय अवलंबून असतो आणि जे शब्द मराठीसारखे ऐकू येतात तेच सर्वांत जास्त फसवतात.

येथे येऊन मला चार महिने झाले होते. सर्जिकल वॉर्डात रात्रपाळी होती आणि पोटाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेली साधारण सत्तर वर्षांची एक आजी खिडकीजवळच्या खाटेवर होती. रात्री दोनच्या सुमारास मी फेरी मारत असताना तिने चादरीचे टोक मुठीत धरले आणि मला म्हणाली, “बाय, म्हाका जोर आयला.” अंगात जोर आला, बरे वाटते आहे, असे ती सांगते आहे असे मला वाटले. मी हसून म्हणाले, “छान झाले आजी, आता लवकर घरी जाल.” तिची चादर सारखी केली आणि पुढच्या खाटेकडे गेले. नोंदीत लिहिले की रुग्ण आरामात आहे, काही तक्रार नाही. कोंकणीत जोर म्हणजे ताप, हे मला सकाळी सहा वाजता कळले, तेव्हा थर्मामीटर 103 अंशांच्या वर गेला होता आणि नाडी 130 होती. जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. आजीला अतिदक्षता विभागात हलवावे लागले आणि तेथे तिने नऊ दिवस काढले. ती वाचली, पण जे दोनला कळायला हवे होते ते सहाला कळले आणि मधले चार तास माझ्यामुळे गेले.

त्या रात्री मी तिच्या कपाळाला हात लावला नाही, ही पहिली चूक. जे मोजले नव्हते ते लिहिले, ही दुसरी आणि मोठी चूक. शब्द न समजणे हा कोणाचाच अपराध नाही. समजला असे धरून त्यावर नोंद करणे हा अपराध आहे. म्हणून माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हेच सांगते आणि पुन्हा सांगते, की रुग्ण रात्री तुम्हाला हाक मारून काहीही म्हणाला, तर आधी तापमान, नाडी, श्वसन, रक्तदाब पाहा, जखम पाहा, आणि त्यानंतरच पेन हातात घ्या.

जोर या एका शब्दाने काम संपत नाही. “म्हाका बरें दिसना” असे कोणी म्हणाले तर ती नजरेची तक्रार नसते. प्रकृती बरी वाटत नाही असे तो माणूस सांगत असतो. मधुमेहाच्या रुग्णाच्या तोंडी हे वाक्य आले तर डोळ्यांच्या डॉक्टरांना निरोप देण्याआधी रक्तातील साखर तपासायला हवी. “हड्ड्यांत दुखता” म्हणजे छातीत दुखते. हाडांत दुखते असे समजून वेदनाशामक गोळी देण्याची चूक माझ्यासमोर झालेली आहे आणि तो रुग्ण हृदयविकाराचा होता. घुंवळ म्हणजे चक्कर, ओंकारे म्हणजे उलट्या, खोंकली म्हणजे खोकला, वखद म्हणजे औषध, न्हीद म्हणजे झोप. जाय म्हणजे हवे आणि नाका म्हणजे नको. “उदक जाय” असे म्हणणारा रुग्ण पाणी मागत असतो, आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्याला उपाशी ठेवले असेल तर का देता येत नाही हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगणे हेही आपलेच काम आहे. एक छोटी वही खिशात ठेवावी आणि ऐकलेला प्रत्येक नवा शब्द तिच्यात लिहावा. वयस्कर ख्रिस्ती रुग्णांच्या बोलण्यात पोर्तुगीज शब्द येतात, सत्तरी, पेडणे आणि सासष्टी या तालुक्यांतील बोलींतही फरक आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी वही पुरी होत नाही.

आपल्याच माणसांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. कोंकणी ही मराठीचीच बोली आहे, असे वॉर्डात उभे राहून सांगणाऱ्या मराठी परिचारिका मी पाहिल्या आहेत. कोंकणीचा 1992 साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला आणि 1987 च्या राजभाषा कायद्याने ती गोव्याची राजभाषा आहे. त्याच कायद्याने शासकीय कामकाजात मराठीलाही स्थान दिलेले आहे. हा वाद येथे अनेकांच्या घरांतून गेलेला आहे आणि दुखण्याने हैराण झालेल्या माणसाच्या खाटेशेजारी त्याला जागा नाही. गावोगावच्या जत्रांत मराठी नाटके रात्रभर पाहणारी गोव्याची माणसे आपल्या मराठीवर मनापासून प्रेम करतात. त्यांच्या भाषेचे चार शब्द आपण आदराने शिकलो की ती आपल्याला घरचीच मानतात.

भाषेइतकीच काळजी पाळी बदलताना घ्यावी. आपल्याकडे अनेक ठिकाणी हँडओव्हर टेबलाजवळ, घाईत आणि केस पेपर वाचून होतो. तो खाटेजवळ झाला पाहिजे. येणारी आणि जाणारी अशा दोघींनी सलाईनचा वेग, कॅथेटरची पिशवी, ड्रेसिंग, ड्रेनमधील (जखमेत बसवलेल्या नळीतील) स्राव आणि पाठीवरची त्वचा प्रत्यक्ष पाहिली पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली असे नुसते लिहिणे आणि ती खरोखर बदलणे यांतला फरक त्याच्या माकडहाडाजवळची लालसर झालेली त्वचा सांगते. रात्री डॉक्टरांना फोन करताना चार गोष्टी क्रमाने सांगाव्यात: आत्ता काय घडते आहे, रुग्ण कशासाठी दाखल आहे, मला काय वाटते, आणि मला तुमच्याकडून काय हवे आहे. तिसरी आणि चौथी गोष्ट सांगायला नव्या मुली घाबरतात. “सर, पेशंट बरोबर नाही” एवढेच म्हणून थांबल्यास अर्ध्या झोपेतला डॉक्टर “बघत राहा” म्हणतो; “रक्तदाब 80 वर 50 आहे, तासाभरात लघवी झालेली नाही, मला हा शॉक वाटतो, तुम्ही आत्ता यावे” (शॉक म्हणजे रक्ताभिसरण कोलमडणे) असे म्हटल्यास तो येतो. तोंडी आदेश मिळाला तर औषधाचे नाव आणि मात्रा त्याला परत वाचून दाखवावी आणि मगच फोन ठेवावा.

औषधांत माझा सर्वांत कडक इशारा इन्सुलिनविषयी आहे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलीटरला 40 युनिट असते, तर इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधील (आतील नळीतील) 100 युनिट असते. लाल टोपीची सिरिंज 40 साठी आणि नारिंगी टोपीची 100 साठी. पेन चालत नाही म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढले, तर रुग्णाला 20 नव्हे, 50 युनिट मिळतात. पहाटे घामाघूम आणि बेशुद्ध झालेला रुग्ण त्यातूनच समोर येतो. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता शिरेतून कधीही देऊ नये; ते हृदय थांबवते.

येथील आजारांची थोडी माहिती असावी. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आणि डेंग्यू असतो. सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडतापाचे (रानातील गोचिडींमुळे होणाऱ्या तापाचे) रुग्ण आढळले आहेत, म्हणून काजूच्या हंगामात ताप घेऊन आलेल्या माणसाला तो रानात किंवा बागायतीत गेला होता का हे विचारावे आणि उत्तर केस पेपरवर लिहावे. दारूविषयीचा प्रश्न तर प्रत्येक रुग्णाला, स्त्री असो वा पुरुष, सारख्याच शांतपणे विचारावा. महाराष्ट्रातून आलेल्या काही जणींच्या मनात गोव्यातील माणसांविषयी पूर्वग्रह असतो आणि तो त्यांच्या आवाजात उमटतो. मग रुग्ण लाजून नाही म्हणतो. रोज पिणाऱ्या माणसाची दारू दाखल झाल्यामुळे अचानक तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, तो बरळू लागतो, सलाईन उपसून टाकतो, क्वचित त्याला झटके येतात. दाखल होतानाच खरे उत्तर मिळाले असते तर डॉक्टरांनी उपचार आधी सुरू केले असते. खाटेला हातपाय बांधलेला, घामाने भिजलेला तो माणूस आणि दारात रडणारी त्याची बायको मी इतक्या वेळा पाहिली आहे की हा प्रश्न टाळणाऱ्या परिचारिकेवर मी रागावते.

आमच्याकडे शिकाऊ विद्यार्थिनी येतात तेव्हा त्यांना कामाचे हात म्हणून मोजण्याची सवय मोडायला हवी. बेड करणे, नमुने पोहोचवणे, नातेवाईकांना शोधणे यात त्यांचा दिवस जातो आणि रुग्णाकडे पाहून विचार करायला त्यांना कोणी शिकवत नाही. मी स्वतः अशीच शिकले होते, म्हणूनच त्या रात्री फेरी पूर्ण करणे हेच मला काम वाटले. विद्यार्थिनीला दिवसाला एकच रुग्ण पूर्ण द्यावा. त्याचा आजार, त्याची औषधे, त्याची भीती, त्याच्या घरी काळजी घेणारे कोण आहे, हे सारे तिने पाळीअखेरीस आपल्याला समजावून सांगावे. परदेशातील नोकरीसाठीच्या परीक्षेची तयारी करत दोन वर्षे कशीबशी काढणाऱ्यांना मी दोष देत नाही, तो त्यांचा हक्क आहे. मात्र त्या दोन वर्षांतला प्रत्येक रुग्णही पूर्ण परिचारिकेचा हक्कदार आहे.

मनुष्यबळ कमी असते, हे खरे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. रात्री एकटीने पंधरा रुग्ण सांभाळणाऱ्या मुलीला हे वाचून वाईट वाटेल. तरी रुग्ण किती आणि आपण किती, हा आकडा पाळीच्या सुरुवातीलाच रजिस्टरमध्ये लिहून इन्चार्जला कळवावा. व्यवस्थापनाशी बोलायला तिला तोच कागद लागतो.

ज्या मराठी भगिनी आता स्वतः इन्चार्ज झाल्या आहेत, त्यांच्याशी अखेरचे बोलते. त्या आजीनंतर आमच्या इन्चार्ज सिस्टर मला सर्वांसमोर ओरडल्या नाहीत. त्यांनी मला शेजारी बसवले आणि विचारले, “समजले नव्हते, तर विचारले का नाहीस?” मी म्हणाले की रात्री विचारायचे कोणाला आणि हसतील याची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका कागदावर तीस कोंकणी शब्द आणि त्यांचे अर्थ स्वतःच्या हाताने लिहून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले, आणि खाली आपला घरचा फोन नंबर लिहून “रात्री कधीही” असे लिहिले. पहिल्या महिन्यात मी त्यांना सहा वेळा उठवले. त्यांपैकी चार वेळा काहीच निघाले नाही आणि तरीही प्रत्येक वेळी फोन केल्याबद्दल त्यांनी मला बरे केलेस असेच म्हटले. मी इन्चार्ज झाले तेव्हा माझ्या वॉर्डातल्या कपाटाला तसाच कागद लावला; गेल्या महिन्यात जत तालुक्यातून आलेल्या मुलीने त्यात भर घातली आणि आता त्यावर 64 शब्द आहेत.