सहा वर्षांची गॅप आणि चार महिन्यांचा पीएफ

पुण्यात एमपीएससीची, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करून रिकाम्या हाताने परत फिरलेल्यांसाठी हे लिहितेय. कॉट बेसिस, अभ्यासिका, मेस, शास्त्री रोडवरचा रात्रीचा चहा, यातलं काही समजावून सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी करमाळ्याची. २०१६ ला बी.कॉम. झाल्यावर नवी पेठेत आले आणि २०२२ च्या मे महिन्यात पुस्तकांची तीन खोकी रद्दीत घालून उठले. मधल्या काळात राज्यसेवेची मुख्य दोनदा, एसटीआयची (राज्य कर निरीक्षक) एकदा. मुलाखतीपर्यंत एकदाही नाही. २०२० ची पूर्व ५ एप्रिलला होती, ती ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली, म्हणजे एक वर्ष तर उगाचच माझ्या नावावर चढलंय. पण हे बायोडेटात लिहिता येत नाही.

खुल्या वर्गाला ३८ पर्यंत फॉर्म भरता येतो, हे मला अजूनही वाईटच वाटतं. दार आधी बंद झालं असतं तर मी लवकर उठले असते. आणि एक सांगते, राग आला तरी चालेल: जो स्वतः आठ वर्षं त्याच खुर्चीवर बसलाय त्याला ‘अजून एक अटेम्प्ट देऊ का’ असं विचारू नका. तो हो म्हणणार. त्याला सोबत हवी असते.

तर नोकरी. मुलाखतीत ‘सहा वर्षं काय केलं’ असं विचारतील या धास्तीने मी महिनाभर एकही अर्ज केला नाही. त्याच काळात रूममेटच्या ओळखीतून एक कन्सल्टन्सीवाले दादा भेटले. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, “ताई, फ्रेशर म्हणून २७ व्या वर्षी कोण घेणार? दोन वर्षांचं एक्स्पीरियन्स लेटर, सॅलरी स्लिपा, शिवाय पीएफसुद्धा. एकदम जेन्युइन.” भाव २२,०००. आईने डाळिंबाच्या विक्रीच्या पट्टीतून बाजूला ठेवलेले पैसे होते ते. मी दिले.

इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण या जागी पाय घसरलेल्या पाच-सहा जणी मला नंतर भेटल्या, आणि सगळ्यांना ‘पीएफसुद्धा’ या शब्दानेच भुलवलं होतं.

नुसतं खोटं लेटर पकडलं जातं हे आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हे लोक पीएफ दाखवतात. कुठल्यातरी नावापुरत्या कंपनीच्या यादीत तुमचं नाव घालतात, तुमच्या आधारवर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढतात आणि काही महिने पैसे भरतात. तुमचेच पैसे, २२,००० मधले. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत, म्हणजे कुठे कधी नोकरी केली त्या नोंदीत, कंपनीचं नाव दिसलं की आपल्याला वाटतं, आता सरकारनेच शिक्का मारला. मला तसंच वाटलं. सहा वर्षं राज्यघटना वाचलेली मी!

पण पीएफ महिन्याच्या महिन्याला भरायचा असतो, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. मागच्या तारखांचा भरायचा तर व्याज आणि वर दंड. २२,००० घेणारा माणूस तुमच्यासाठी तो कशाला भरेल? त्यामुळे लेटरवर माझी रुजू तारीख एप्रिल २०२० आणि पीएफमध्ये जून २०२२. चार महिने पीएफ ‘दिसेपर्यंत’ त्याने मला अर्जही करू दिले नाहीत. ते चार महिने एखाद्या ऑफिसात नुसत्या फायली लावल्या असत्या तरी बरं झालं असतं.

नोव्हेंबरमध्ये पिंपरीच्या एका वितरण कंपनीत अकाउंट्सला घेतलं, २१,००० वर. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) डेप्रिसिएशनची, म्हणजे घसाऱ्याची, एन्ट्री कुठल्या व्हाउचरला जाते? मी एफ-फाइव्ह म्हणाले. ते पेमेंट. डेप्रिसिएशन जर्नलला, एफ-सेव्हन. दोन वर्षं टॅली वापरलेली मुलगी हे चुकत नाही. ते हसले, पण घेतलं. मला वाटलं निभावलं.

एकोणिसाव्या दिवशी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. एका बाजूला लेटर, दुसऱ्या बाजूला सर्व्हिस हिस्टरी. मग बँक स्टेटमेंट मागितलं. पगार रोखीने मिळायचा असं सांग, हे दादांनी पढवलेलं होतंच, ते मी म्हटलं. “सव्वादोन वर्षं रोख, आणि शेवटचे चार महिने पीएफ?” एवढंच विचारलं त्यांनी. लेटर म्हणे नाशिकच्या ऑफिसचं. आणि मार्च २०२१ मध्ये परीक्षा पुन्हा पुढे ढकलली तेव्हा मी शास्त्री रोडवर घोषणा देत उभी होते, हे माझ्याच फेसबुकवर फोटोसकट. त्या दुपारीच डबा घेऊन निघाले. शिव्या कुणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता यातला खरा काटा. लेटर फाडता येतं, पीएफची नोंद तशी फाडता येत नाही. यूएएन १२ आकडी असतो, आधारला जोडलेला असतो आणि माणसाला एकच असतो. पुढची कंपनी तुमचा आधार टाकते आणि जुना यूएएन समोर येतो, त्या खोट्या नोंदीसकट. मी न केलेली नोकरी माझ्या मागे कायमची लागली. त्यात त्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखही टाकली नव्हती, म्हणजे कागदोपत्री मी अजून तिथेच. ती मी स्वतः टाकली: पोर्टलवर मॅनेजमध्ये मार्क एक्झिट, आधारच्या ओटीपीवर होतं, पण शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने जावे लागतात. खरी नोकरी सोडणाऱ्यांनीही हे बघावं, मालक विसरतात आणि पुढे पैसे अडकतात. दादांचा फोन तेव्हापासून बंद आहे, त्या कंपनीचा तर कधी चालूच नव्हता.

घाबरवायचं म्हणून सांगत नाही. नाही, थोडं घाबरवायचंच आहे.

बरं, पुढे काय झालं ते सांगते, कारण पुढे बरं झालं. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडच्या एका टॅक्स कन्सल्टंट सरांच्या ऑफिसात जाऊन सरळ सांगितलं की एमपीएससी केली, झालं नाही, अकाउंट्समधलं पुस्तकी येतं, हाताने काही येत नाही. सरांनी विचारलं, “परत फॉर्म भरणार का?” पुढे जिथे जिथे गेले तिथे हाच प्रश्न आला. सहा वर्षांचा हिशेब कुणाला फारसा नको असतो. शिकवल्यावर तुम्ही पूर्व परीक्षेच्या आधी दोन महिने सुट्टी मागणार का, ही त्यांची भीती. याचं उत्तर घरी ठरवून जा आणि खरं द्या. मी म्हटलं, नाही भरणार. पगार ९,०००.

नऊ हजारात पुण्यात राहणं म्हणजे काय, ते नको विचारू. रविवारी एका किराणा दुकानाचं खातं लिहायचे.

पण त्या ऑफिसात जे शिकले ते कुठल्याही तीन महिन्यांच्या टॅली कोर्समध्ये मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे. कोर्समध्ये सगळी बिलं स्वच्छ असतात. इथे दुकानदार पिशवीत बिलं कोंबून आणतो, निम्म्यांवर चहा सांडलेला. बँक स्टेटमेंटमधली ओळख न लागणारी रक्कम सस्पेन्सला, म्हणजे तात्पुरत्या खात्यात, टाकायची आणि मग पार्टीला दहा फोन करून ती तिथून काढायची. मग जीएसटी: ११ तारखेला जीएसटीआर-वन (विक्रीचं विवरणपत्र), १४ ला टू-बी (खरेदीवरच्या कराचा उतारा) आलं की खरेदीशी ताळा, २० ला थ्री-बी (कर भरायचं विवरणपत्र). सहा महिन्यांत हे अंगात भिनतं. आणि जाण्याची वेळ साधा: मे-जूनमध्ये जा. जुलैत इन्कम टॅक्स रिटर्नांची गर्दी असते, ऑफिसांना हात हवे असतात, तेव्हा अनुभव कुणी विचारत नाही. मी जानेवारीत गेले, तीन ठिकाणी नाही ऐकून.

तयारीतलं काहीच कामी येत नाही असंही नाही. ऑफिसकडे सहकारी गृहनिर्माण संस्थांची कामं होती. सभेचं इतिवृत्त, उपनिबंधकांना पत्र, शासन निर्णय वाचून त्यातलं नेमकं कलम काढणं, हे सगळं माझ्याकडे आलं, कारण शुद्ध मराठीत अर्ज लिहिणारं ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. निबंधाच्या पेपरची मेहनत अशी फळली. एसटीआय व्हायचं होतं, ते राहिलं. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून विवरणपत्रं भरते.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशी मागून घ्या: पगार बँकेत. २० पेक्षा कमी माणसं असलेल्या ऑफिसला पीएफ सक्तीचा नाही, त्यामुळे तुमचा खराखुरा अनुभव सर्व्हिस हिस्टरीत दिसणारच नाही. (माझी गंमत बघा: जे केलं नाही ते तिथे दिसतं, जे केलं ते दिसत नाही.) मग पुरावा काय? दर महिन्याला त्याच खात्यातून आलेले नऊ हजार, सोडताना लेटरहेडवर घेतलेलं पत्र आणि फोन उचलणारे सर. एवढं पुरतं. माझं पुरलं.

बायोडेटात सहा वर्षं एका ओळीत लिहिली: ‘२०१६–२०२२ : स्पर्धा परीक्षांची पूर्णवेळ तयारी, राज्यसेवा मुख्य दोनदा.’ त्याला ‘फ्रीलान्सिंग’ वगैरे झूल चढवू नका. मुलींना लग्नाचं विचारतात, बिनदिक्कत विचारतात. मी ‘ठरलं की कळवेन’ म्हणते आणि गप्प बसते.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली तेव्हा अभ्यासिकेतल्या एका मैत्रिणीने ती घेतली. पदवीधरांना महिना १०,०००, आधी सहा महिने, पुढे मुदत वाढून अकरा. तिला पंचायत समितीत टेबल मिळालं, संगणकावर हात बसला. पण तिथेच कायम करतील या आशेवर ती बसली, आणि तेवढा काळ दुसरीकडे अर्ज केले नाहीत. प्रशिक्षण म्हणून घ्या, आणि तिसऱ्या महिन्यापासून बाहेर बघायला लागा. सरकारी टेबलाची आशा आपल्याला किती लवकर चिकटते ते मी वेगळं सांगायला नको.

२०२४ च्या सप्टेंबरात मी आताच्या कंपनीत आले, २४,००० वर. फॉर्मवर यूएएनचा रकाना होता. मी तिथेच थांबले आणि मॅनेजरना सगळं सांगितलं, २२,००० पासून शेवटच्या डब्यापर्यंत. हात थरथरत होते. त्यांनी ऐकून घेतलं, जुन्या सरांना माझ्यासमोर फोन लावला, पाच मिनिटं बोलले, आणि मग एका पार्टीचं बँक स्टेटमेंट पुढे टाकून म्हणाले, “हे जुळवून दाखवा.” चाळीस मिनिटं लागली.

ते चार महिने पीएफच्या पासबुकात अजून आहेत. पैसे मी काढलेले नाहीत, आणि काढावेत का हे ठरवताही आलेलं नाही. व्याज मात्र जमा होतं, २०२३-२४ चं ८.२५ टक्क्यांनी. त्या कंपनीचं नाव पहिल्याच ओळीत येतं, म्हणून पासबुक उघडलं की मी सरळ खाली सरकते.