लाकडाऐवजी काय लावायचं? खान्देशात घर बांधताना या चुका टाळा

सागवान आता परवडत नाही, आणि सातपुड्यातलं जंगल राहिलं पाहिजे असंही बऱ्याच जणांना मनापासून वाटतं, म्हणून आपल्याकडे घर बांधणारे लोक डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला माल), यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी प्लास्टिक), लोखंडी चौकट, बांबू असं काहीतरी बघायला दुकानात जातात. हेतू चांगलाच आहे. पण दुकानदार "इको फ्रेंडली" म्हणाला की एकच माल सगळ्या घराला लावून टाकतात, दोन उन्हाळ्यांत दार अडकायला लागतं, मग ते काढून फेका आणि नवीन आणा, म्हणजे झाड वाचवून मिळवलं काय? जे टिकतं तोच पर्याय. म्हणून आधी जागा बघा, तिथे ऊन किती, पाणी किती, वजन किती येणार, वाळवी आहे का, आणि मग माल ठरवा.

सगळ्यात जास्त गडबड उन्हाची होते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि तो झाला हवेचा, पश्चिमेच्या भिंतीतली गडद रंगाची खिडकी दुपारी हात ठेवता येणार नाही इतकी तापते. पीव्हीसी एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण ०.०६ ते ०.०८ मिमी वाढतं. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ५० डिग्रीचा फरक धरा, सात फुटी चौकट सहा ते आठ मिमी लांब होते, लोखंड तेवढ्यात सव्वा मिमीच्या आसपास. आता मिस्त्रीने फट न सोडता सिमेंट ठासून ती घट्ट बसवली तर ती वाढणार कुठे, वाकणारच. त्यामुळे चारही बाजूंनी फट ठेवून फोम आणि सिलिकॉन भरायला सांगा, पश्चिमेला आणि दक्षिणेला पांढरा नाहीतर फिका रंगच घ्या, वर छज्जा घ्या, आणि यूपीव्हीसीच्या खिडकीत आतून गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे का ते कापलेला तुकडा हातात घेऊन बघा, नुसतं तोंडी ऐकून येऊ नका.

दार आधीच अडकतंय? मग सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा उघडून बघा. सकाळी मोकळं आणि दुपारी अडकत असेल तर ते उष्णतेने वाढतंय, कडेने थोडंसं घासून घ्या पण ते काम उन्हाळ्यातच करा, थंडीत अंदाज चुकतो. दिवसभर अडकत असेल तर बिजागरी सुटून दार खाली आलंय, तिथे घासून काही उपयोग नाही.

बिजागरीवरून डब्ल्यूपीसीकडे येतो. आपल्या बाजारात मिळणारं बहुतेक डब्ल्यूपीसी म्हणजे पीव्हीसी आणि लाकडाचा भुसा फेसाळून केलेला बोर्ड. पाण्याला आणि वाळवीला एकदम भारी, बाथरूमच्या दाराला मी तेच सुचवतो. पण स्वस्तातल्या बोर्डात फेस जास्त आणि माल कमी, मग स्क्रू धरत नाही. १८ मिमीचा आठ बाय चारचा बोर्ड साधारण ४० किलो भरला तर घनता घनमीटरला ७५० किलोच्या आसपास, ३२ किलो भरला तर ६०० च्या आसपास, म्हणून दुकानातच वजनकाट्यावर ठेवा. दाराला तीनऐवजी चार बिजागऱ्या, लांब स्क्रू, आधी बारीक ड्रिल मारून. स्क्रू सुटला तर त्याच भोकात काडी ठोकून भागवू नका, भोक इपॉक्सीने भरा नाहीतर बिजागरी दोन इंच वरखाली सरकवा. लांब फळीला आणि माळ्याला हा बोर्ड वापरायचा तर दर दोन फुटांवर आधार लागतोच, नाहीतर मधे झोळ येतो. आणि उरलेले तुकडे चुलीत किंवा बंबात अजिबात घालू नका, पीव्हीसी जळलं की आम्लाचा विषारी वायू निघतो आणि घरातली बाई-पोरंच तो धूर घेतात.

दुसरी चूक खास आपल्याकडची, कूलर! मार्च ते जून घराघरात कूलर चालतो आणि त्याच्यासमोर प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्डचं कपाट उभं असतं. उसाच्या चिपाडाचा बोर्ड असो की लाकडाच्या भुशाचा, कापलेली कड उघडी राहिली की ओल शिरते आणि बोर्ड फुगतो, आणि एकदा फुगलेला बोर्ड परत बसत नाही, तो भाग बदलावाच लागतो. हे बोर्ड वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. उलट आपल्या शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पेटवून देतात त्याच पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करायचं तंत्र मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने तयार केलंय, आणि कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपण तर असा माल मिळतो का हे आवर्जून विचारायला पाहिजे. फक्त तो बेडरूमच्या कपाटाला, अभ्यासाच्या टेबलाला, सगळ्या कडांना एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावून. सिंकखाली नको आणि कूलरच्या झोतात नको. बोर्ड ई-वन किंवा ई-झिरो दर्जाचा मागा, त्यांत फॉर्मल्डिहाइड कमी असतो, कारण गरम बंद खोलीत बोर्डाच्या चिकटद्रव्यातला हा वायू जास्त सुटतो आणि डोळे चुरचुरतात. ज्या खिडकीत कूलर बसवता तिथे यूपीव्हीसी किंवा कडाप्प्याची चौकट चांगली.

बांबूचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तो इतका चांगला असून नीट न वापरल्यामुळे बदनाम होतो. नंदुरबारकडे धडगाव, अक्कलकुव्यात बांबूच्या कुडाची घरं लोक पिढ्यानपिढ्या बांधतात. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून जंगलाबाहेरचा बांबू वगळला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं-विकणं सोपं झालं. चूक होते ती कोवळा बांबू पावसाळ्यात तोडून तसाच लावण्यात. त्यात साखर-पिष्ट भरपूर असतं, त्याला भुंगा लागतो आणि खाली पिवळसर भुकटी पडायला लागते. तीन-चार वर्षांचा बांबू घ्या, पावसाळा संपल्यावर तोडलेला, गाठी आतून फोडून बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या ५ ते १० टक्के द्रावणात आठवडा-दहा दिवस बुडवून सावलीत वाळवलेला. हे बोरॅक्स पावसात धुऊन निघतं, म्हणून उघड्यावरच्या बांबूला वरून पत्र्याची चांगली पागोळी पाहिजे आणि पाय कधीच मातीत नको, दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर. भुकटी पडायला लागलीच असेल तर भोकात तेच द्रावण सिरिंजने सोडा. ठोकून पोकळ-भुसभुशीत आवाज आला आणि त्यावर छपराचं वजन असेल तर वाट बघू नका, बदला.

लोखंडी चौकटीचं थोडक्यात सांगतो, आतली पोकळी काँक्रीटने भरून घ्या, खालच्या सहा इंचाला लादी धुतल्याचं पाणी लागून गंज येतो तिथे घासून प्रायमर मारत चला. आणि लोखंडाला वाळवी लागत नाही म्हणून जमिनीची अँटी-टर्माइट ट्रीटमेंट गाळू नका, वाळवी चौकटीच्या मागून भिंतीतून चढते आणि थेट प्लायच्या माळ्यावर जाते. ही चौकट बांधकामासोबत बसते, यूपीव्हीसी आणि डब्ल्यूपीसी प्लास्टरनंतर बसवलेली बरी, म्हणून विटा चढायच्या आधीच काय ते ठरवा.

राहिला मुख्य दरवाजा. तिथे घरातली मोठी माणसं लाकडाचीच चौकट आणि उंबरठा मागतात, चौकटीची पूजा असते, त्यांचं मन मोडायची गरजच नाही. अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर, कुठेही बघा, जुनी धाब्याची घरं पाडली जातायत आणि त्यातल्या सागवानी तुळया, कड्या, खांब विकायला येतात. त्यासाठी नवीन झाड पडत नाही आणि ते लाकूड मुरून गेलेलं असल्यामुळे फारसं वाकत नाही. घेताना भिंतीत गाडलेलं टोक आणि खांबाचा खालचा भाग टोच्याने टोचून बघा, मऊ लागलं तर तेवढा कापून टाका. वाहतुकीआधी वनखात्याच्या ऑफिसात पासचं विचारून घ्या, आणि आरा मशीनवर न्यायच्या आधी सगळे खिळे काढा, नाहीतर पट्टा तुटतो आणि मग आरावाला पुढचं लाकूड कापून देत नाही.